पीएल/पीजीएसक्यूएल : कर्सर आणि डायनॅमिक क्वेरींच्या कसोटीवर

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्क्रिप्ट लिहिण्याची पीएल/पीजीएसक्यूएल ही जी घरची भाषा आहे, तिचे हे परीक्षण आहे, पण ते तिच्या सगळ्या अंगांचे नाही. डेटाबेसमधली स्क्रिप्ट लिहिताना दोन ठिकाणी हात सर्वांत जास्त अडखळतो. एक म्हणजे क्वेरीच्या निकालातली एकेक ओळ हाती घेऊन तिच्यावर काम करणे, आणि दुसरे म्हणजे टेबलाचे किंवा कॉलमचे नाव आधी ठाऊक नसताना क्वेरीचा मजकूर चालत्या स्क्रिप्टमध्ये तयार करून तो चालवणे. पहिल्या कामाला कर्सर लागतो आणि दुसऱ्याला डायनॅमिक क्वेरी. कोणत्याही डेटाबेसची भाषा रोजच्या वापरात कशी ठरते, हे मी या दोन कामांवरूनच जोखतो, कारण बाकीच्या गोष्टी बहुतेक भाषांमध्ये उन्नीस-बीस सारख्याच असतात.

पीएल/पीजीएसक्यूएल ही यान वीक यांनी लिहिलेली भाषा 1998 साली पोस्टग्रेसच्या 6.4 या आवृत्तीबरोबर आली. तिची ठेवण ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलसारखी आहे आणि ती भाषा स्वतः एडा या भाषेच्या वळणावर घडलेली आहे, त्यामुळे बिगिन-एंडचे कप्पे, डिक्लेअरचा वेगळा भाग आणि लांबलचक पण वाचायला सोपी वाक्ये हा तिचा जुना वारसा आहे. 2010 सालच्या 9.0 आवृत्तीपासून ती प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये आपोआप बसवलेली असते आणि त्याच आवृत्तीत ‘डू’ हा निनावी ब्लॉकही आला, म्हणजे एकदाच चालवायच्या स्क्रिप्टसाठी फंक्शन तयार करून मग पुसून टाकण्याची गरज उरली नाही. देखभालीचे काम करणाऱ्यांना या दुसऱ्या सोयीचे मोल विशेष कळेल.

कर्सरबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या स्क्रिप्टमधले निम्म्याहून जास्त कर्सर मुळात नकोच असतात. दर बदलल्यावर बिलांच्या ओळी दुरुस्त करायच्या म्हणून कोणी लूप लावतो, आतमध्ये दुसऱ्या टेबलातून दर शोधतो आणि एकेक ओळ अपडेट करतो, पण हेच काम ‘अपडेट … फ्रॉम’ या एका वाक्यात होते आणि पुष्कळ वेगाने होते. चालू बेरीज काढण्यासाठी लूप लावण्याचे कारणही 2009 सालच्या 8.4 आवृत्तीत विंडो फंक्शन (एका ओळीसाठी तिच्याशी संबंधित इतर ओळींवरून हिशेब करणारी सोय) आल्यापासून संपले आहे. कर्सर खरोखर लागतो तो मोजक्या ठिकाणी, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी डीडीएल (टेबलांची रचना घडवणारी किंवा बदलणारी आज्ञा) चालवायचे असेल, एखादे बाहेरचे किंवा वेळखाऊ फंक्शन ओळीगणिक हाकायचे असेल, चुकलेली ओळ बाजूला नोंदवून पुढच्या ओळीकडे जायचे असेल, किंवा निकाल इतका मोठा असेल की तो एकदम घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत मावणार नाही. पुढचे सगळे विवेचन अशा कामांना धरून आहे.

या भाषेची पहिली आणि मला सर्वांत आवडणारी खुबी अशी की कर्सर वापरायचा असला तरी ‘कर्सर’ हा शब्द बहुधा लिहावाच लागत नाही. ‘फॉर’, पुढे एका रेकॉर्डचे नाव, मग ‘इन’, मग साधी सिलेक्ट क्वेरी आणि शेवटी ‘लूप’ एवढे लिहिले की पडद्याआड कर्सर उघडला जातो, ओळी आणल्या जातात आणि लूप संपल्यावर, किंवा मध्येच एररने तुटला तरी, कर्सर बंद होतो. आतली यंत्रणा पहिल्या फेरीत 10 ओळी उचलते आणि नंतर 50-50 च्या घासाने ओळी आणते, त्यामुळे प्रत्येक ओळीसाठी वेगळा हेलपाटा पडत नाही आणि संपूर्ण निकालही मेमरीत भरत नाही. उघडणे, आणणे, संपले का ते पाहणे, बंद करणे या चार पायऱ्यांपैकी एकीचीही जबाबदारी लिहिणाऱ्यावर येत नाही.

याची किंमत कळण्यासाठी इतर ठिकाणी काय करावे लागते ते आठवावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कर्सर डिक्लेअर करून ओपन करायचा, एकदा फेच करायचे, मग फेच-स्टेटस शून्य आहे तोवर व्हाइल लूप फिरवायचा, लूपच्या शेवटी न विसरता पुन्हा फेच करायचे, आणि काम झाल्यावर क्लोज आणि डीअॅलोकेट अशी दोन वेगळी वाक्ये लिहायची. शेवटचे फेच राहिले तर लूप त्याच ओळीवर अनंतकाळ फिरत राहतो. शिवाय ते फेच-स्टेटस एका जोडणीवरच्या सगळ्या कर्सरांना मिळून एकच असते, त्यामुळे आतल्या फंक्शनमध्ये दुसरा कर्सर चालला आणि त्यानंतर बाहेरच्या लूपने स्थिती विचारली, तर उत्तर भलत्याच कर्सरचे मिळते. मायएसक्यूएलमध्ये निकाल संपल्याचे कळण्यासाठी ‘नॉट फाउंड’चा हँडलर आधी लावून ठेवावा लागतो, आणि तोच हँडलर लूपमधल्या एखाद्या रिकाम्या ‘सिलेक्ट इंटू’नेही पेटतो, मग अर्ध्या ओळी राहिल्या असताना लूप संपल्यासारखा वागतो. तिथले कर्सर फक्त वाचण्यापुरते आणि पुढे जाण्यापुरतेच असतात. या दोन्ही प्रणालींचे इतर गुण मोठे आहेत, पण कर्सर लिहिताना त्या माणसाकडून जेवढी सावधगिरी मागतात, तेवढी पीएल/पीजीएसक्यूएल मागत नाही.

उघड कर्सरही इथे आहेतच. ‘रेफकर्सर’ या प्रकाराचा चल घेऊन तो हव्या त्या क्वेरीवर उघडता येतो, किंवा डिक्लेअरच्या भागात क्वेरीला बांधलेला आणि स्वतःचे पॅरामीटर घेणारा कर्सर ठेवता येतो, ‘मूव्ह’ने ओळी ओलांडता येतात, आणि ‘स्क्रोल’ सांगितले असेल तर मागेही येता येते. कर्सर ज्या ओळीवर उभा आहे तीच ओळ बदलण्यासाठी ‘व्हेअर करंट ऑफ’ आहे, पण त्यासाठी क्वेरी साधी हवी. फंक्शनने कर्सर परत द्यायचा आणि मागणाऱ्या प्रोग्रॅमने आपल्या सवडीने ओळी उचलायच्या हा प्रकारही चालतो, मात्र दोन्ही गोष्टी एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या कामांच्या गटात) व्हायला हव्यात, आणि आपोआप कमिट करणाऱ्या, म्हणजे प्रत्येक वाक्य लगेच पक्के करणाऱ्या, जोडणीवर हे विसरले तर ‘असा कर्सर अस्तित्वात नाही’ असे उत्तर मिळते. आणखी एक गोष्ट चांगली आहे. उघडताना जी स्थिती होती तीच कर्सर शेवटपर्यंत दाखवतो, त्यामुळे लूप चालू असताना त्याच टेबलात आपण नव्या ओळी घातल्या तरी त्या आपल्याच लूपमध्ये येऊन आदळत नाहीत.

वेगाच्या बाबतीत मात्र दोन गाठी आहेत आणि त्या माहीत नसतील तर माणूस तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसतो. पहिली अशी की फॉर लूपला दिलेली क्वेरी कधीही समांतर प्लॅनने, म्हणजे अनेक प्रोसेसमध्ये काम वाटून, चालत नाही. हीच क्वेरी सुटी चालवली तर चार वर्कर मिळून ती झटक्यात संपवतात आणि लूपमध्ये घातली की एकटाच प्रोसेस तिला ओढत बसतो, आणि क्वेरी तर अक्षरशः तीच असल्यामुळे संशय कशावर घ्यावा हेच कळत नाही. दुसरी गाठ उघडपणे डिक्लेअर केलेल्या कर्सरांची आहे. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) असे धरून चालतो की त्यातल्या साऱ्या ओळी कोणी घेणार नाही. यासाठी ‘कर्सर टपल फ्रॅक्शन’ नावाची सेटिंग आहे आणि तिची मूळ किंमत 0.1 आहे, म्हणजे निकालाचा फक्त दहावा भाग उचलला जाईल या हिशेबाने प्लॅन निवडला जातो. पहिली ओळ लवकर देणारा पण सगळ्या ओळींना उशीर लावणारा प्लॅन त्यातून निवडला जाऊ शकतो. शेवटपर्यंत जायचे असेल तर ती किंमत 1 करावी. समांतर प्लॅन हवा असेल तर आधी ‘क्रिएट टेबल अॅज’ने निकाल तात्पुरत्या टेबलात उतरवावा आणि मग त्या टेबलावर लूप फिरवावा, कारण 11 व्या आवृत्तीपासून टेबल तयार करणाऱ्या या वाक्याची क्वेरी समांतर चालू शकते.

आता ज्या अनुभवामुळे या भाषेकडे मी जास्त बारकाईने पाहू लागलो तो सांगतो. 2018 सालच्या 11 व्या आवृत्तीत प्रोसीजर आल्या आणि त्यांच्या आत कमिट करता येऊ लागले. त्याआधी एका फंक्शनमधले सगळे काम एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये व्हायचे, त्यामुळे मोठी साफसफाई करायची तर लूप बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये लिहावा लागे. ही सोय मिळाल्यावर मी एका फार मोठ्या नोंदवहीच्या टेबलासाठी प्रोसीजर लिहिली. फॉर लूपने जुन्या नोंदी वाचायच्या, प्रत्येकीची तपासणी करून ती संग्रहाच्या टेबलात हलवायची आणि दर 10,000 ओळींनी कमिट करायचे. चाचणीच्या छोट्या टेबलावर ती सुरेख चालली. खऱ्या टेबलावर पहिल्या 10,000 ओळी काही क्षणांत झाल्या आणि पहिल्याच कमिटपाशी प्रोसीजर थांबली. डिस्कवरची मोकळी जागा मात्र मिनिटागणिक घटू लागली. तात्पुरत्या फायलींची डिरेक्टरी फुगत गेली आणि शेवटी जागा संपून प्रोसीजर एररने तुटली.

कारण दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले होते आणि मी ते वाचले नव्हते. कर्सर एरवी कमिटबरोबर बंद होतो. लूप पुढे चालू राहावा म्हणून पहिल्या कमिटच्या किंवा रोलबॅकच्या वेळी त्याचे ‘होल्डेबल’ कर्सरमध्ये रूपांतर केले जाते, म्हणजे उरलेला सगळा निकाल त्याच क्षणी काढून साठवून ठेवला जातो, आणि तो मेमरीच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की डिस्कवर जातो. माझ्या बाबतीत उरलेला निकाल म्हणजे जवळजवळ अख्खे टेबल होते. थोड्या-थोड्या ओळी घेण्यासाठी कर्सर आणि थोडे-थोडे काम पक्के करण्यासाठी कमिट या दोन चांगल्या गोष्टी मी एकत्र आणल्या आणि त्यांनी एकमेकींचा हेतू मोडला. चूक माझीच होती, पण एवढ्या मोठ्या रूपांतराची साधी नोटीसही पडत नाही, हे भाषेचे उणेच मानले पाहिजे.

त्यानंतर मी अशा कामाला कर्सर लावत नाही. साधा, अटीविना फिरणारा लूप घ्यायचा, त्यात प्राथमिक की ओळखून 10,000 ओळींपुरती मर्यादा घातलेले एकच ‘डिलीट … रिटर्निंग’ चालवायचे आणि त्याच वाक्यात विथ लावून त्या ओळी संग्रहात घालायच्या, ‘गेट डायग्नॉस्टिक्स’ने किती ओळी हलल्या ते विचारायचे, कमिट करायचे, आणि उत्तर शून्य आले की बाहेर पडायचे. मध्येच तुटले तरी झालेले काम पक्के राहते आणि पुन्हा सुरू केले की ते उरलेल्या ओळींपासून पुढे जाते. तपासणी ओळीगणिक असेल तर ती त्या वाक्याच्या अटीत आणता येते का हे आधी पाहावे, आणि बहुधा ती येते. एक्सेप्शन पकडणाऱ्या ब्लॉकच्या आत कमिट चालत नाही, हेही रचना करतानाच लक्षात ठेवावे लागते.

डायनॅमिक क्वेरींकडे वळताना मला ही भाषा अधिक समाधान देते. टेबलाचे किंवा कॉलमचे नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही, हा एसक्यूएलचा मूळ नियम आहे. क्वेरीचा प्लॅन ठरण्यासाठी नावे आधी ठरलेली हवीत, किमती मागाहून आल्या तरी चालतात. त्यामुळे महिन्यागणिक वेगळ्या असलेल्या शेकडो टेबलांना एक कॉलम जोडायचा असेल तर मजकूर जुळवून ‘एक्झिक्युट’ने चालवण्याला पर्याय नसतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये हा मजकूर उभ्या रेघांच्या जोड्यांनी तुकडे सांधून केलेला असे, आणि अवतरणचिन्हाच्या आत अवतरणचिन्ह लिहिण्यासाठी चार-चार, सहा-सहा चिन्हे ओळीने येत. असा मजकूर लिहिणाऱ्यालाही आठवड्याने वाचता येत नाही. एखाद्या ग्राहकाच्या नावात एकेरी अवतरणचिन्ह आले की क्वेरी मोडायची, आणि कोणी मुद्दाम तसे नाव दिले तर क्वेरीच्या शेवटी त्याला हवी ती आज्ञा चिकटायची. इंजेक्शन म्हणतात ते हेच, आणि त्याची सुरुवात नेहमी ‘आतल्याच वापरासाठी आहे’ म्हणून लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये होते.

पोस्टग्रेसने यावर दोन साधने दिली. 2009 सालच्या 8.4 आवृत्तीत ‘एक्झिक्युट’ला ‘युजिंग’ची जोड मिळाली आणि 2011 सालच्या 9.1 मध्ये ‘फॉरमॅट’ हे फंक्शन आले. फॉरमॅटच्या मजकुरात जिथे नाव बसवायचे तिथे %आय लिहायचे, जिथे किंमत मजकुरातच बसवायची तिथे %एल लिहायचे, आणि %एस म्हणजे जसे आहे तसे. नावाला गरज असेल तरच दुहेरी अवतरणे लागतात आणि किमतीला एकेरी अवतरणे नीट लागतात. पण किमती मजकुरात आणण्याची गरजच सहसा नसते. मजकुरात डॉलर-एक, डॉलर-दोन अशा खुणा ठेवायच्या आणि खऱ्या किमती युजिंगपुढे द्यायच्या, म्हणजे तारीख तारीखच राहते, संख्या संख्याच राहते, आणि मजकुराशी त्यांचा संबंधच येत नाही. नावे फॉरमॅटने आणि किमती युजिंगने, एवढी एक रीत अंगवळणी पडली की सुरक्षित क्वेरी ही असुरक्षित क्वेरीपेक्षा लिहायला सोपी आणि वाचायला छोटी होते. माझ्या मते या भाषेचे सर्वांत मोठे यश हेच आहे, कारण घाईत असलेला माणूस नेहमी सोप्या वाटेने जातो आणि इथे सोपी वाट बरोबर जागी नेते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पॅरामीटरसाठी ‘एसपी एक्झिक्युट एसक्यूएल’ आणि नावांसाठी ‘कोटनेम’ अशी चांगली जोडी आहे, पण नुसते सांधलेले ‘एक्झेक’ तिथे छोटे पडते, त्यामुळे लोक तेच लिहितात. मायएसक्यूएलमध्ये तयार केलेल्या मजकुरावर कर्सर उघडता येत नाही, आणि स्टोअर्ड फंक्शनमध्ये व ट्रिगरमध्ये डायनॅमिक क्वेरी मुळीच चालत नाही. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये ‘फॉर … इन एक्झिक्युट’ असे लिहून तयार मजकुरावरही तोच साधा लूप फिरतो, आणि डायनॅमिक क्वेरी फंक्शनमध्येही चालते.

तरी खाचखळगे आहेत. सर्वांत जास्त वेळा दिसणारा म्हणजे स्कीमा (टेबलांचा नाव दिलेला गट) आणि टेबल मधल्या टिंबासह एकाच %आयला देणे. ‘हिशेब.नोंदी’ असा मजकूर दिला तर फॉरमॅट त्या अख्ख्या मजकुराला एकच नाव समजून अवतरणात घालतो, आणि डेटाबेस सांगतो की असे टेबलच नाही. एररमध्ये छापलेले नाव डोळ्यांना बरोबर दिसते, म्हणून माणूस परवानग्या तपासत बसतो. उपाय दोन आहेत. एक तर दोन %आय मधे टिंब ठेवून लिहावेत, नाही तर फंक्शनचा पॅरामीटरच ‘रेगक्लास’ प्रकारचा घ्यावा आणि तो %एसने बसवावा. मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे, कारण टेबल अस्तित्वात नसेल तर फंक्शनच्या दारातच ते अडवले जाते आणि रेगक्लासचा मजकूर स्वतःच योग्य अवतरणांसह येतो. असाच घोटाळा मोठ्या लिपीच्या अक्षरांचा आहे. साध्या क्वेरीत नावे आपोआप लहान अक्षरांत बदलली जातात, पण %आयला मोठी अक्षरे दिली की तो ती जपतो, आणि लहान अक्षरांत असलेले टेबल सापडत नाही.

नलचा, म्हणजे किंमतच नसण्याचा, प्रश्न वेगळा. सांधकामात एक तुकडा जरी नल निघाला तरी सगळा मजकूर नल होतो आणि एक्झिक्युट ‘क्वेरीचा मजकूर नल आहे’ म्हणून थांबतो. ते बरेच आहे, निदान थांबतो तरी. फॉरमॅटमध्ये मात्र %एसला नल मिळाला तर तो रिकामा मजकूर धरला जातो, त्यामुळे अटीचा तुकडा नल निघाला तर अट गळून गेलेली डिलीट क्वेरी बिनबोभाट चालू शकते. अटींचे तुकडे %एसने बसवणाऱ्याने एक्झिक्युटच्या आधी ते तुकडे नल नाहीत याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना आग्रहाने सांगतो. %आयला नल दिला तर एरर येते, तेवढी तरी राखण आहे.

आणि ‘फाउंड’. साधे अपडेट केल्यावर एखादी तरी ओळ बदलली का हे फाउंड या चलातून कळते, म्हणून सवयीने एक्झिक्युटनंतरही लोक तोच विचारतात. एक्झिक्युट फाउंडला हात लावत नाही. त्यात आधीच्या कुठल्या तरी वाक्याचे उत्तर पडून असते, ते कधी बरोबर असते आणि कधी चूक, आणि चाचणीत बरोबर निघण्याचीच शक्यता जास्त. एक्झिक्युटनंतर ‘गेट डायग्नॉस्टिक्स’ने ओळींची संख्याच विचारावी लागते. भाषेतली ही विसंगती मला आजही खटकते. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे असू नयेत.

डायनॅमिक क्वेरी हळू असते असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. एक्झिक्युटला दिलेल्या मजकुराचा प्लॅन दर वेळी नव्याने केला जातो, तर फंक्शनमधल्या साध्या क्वेरीचा प्लॅन जपून ठेवता येतो. पहिल्या पाच वेळा तिच्यासाठी प्रत्यक्ष किमती पाहून प्लॅन होतो आणि मग सर्वसाधारण प्लॅन परवडेल का याची तुलना होते. छोटी क्वेरी लाखो वेळा चालवायची असेल तर हा फरक जाणवतो. पण शोधाच्या पानावर दहा रकाने असतात आणि वापरणारा त्यातले दोनच भरतो, तेव्हा ‘रकाना नल असेल किंवा कॉलम रकान्याइतका असेल’ अशा दहा अटींची एक अजस्र साधी क्वेरी लिहिली की सर्वसाधारण प्लॅन कोणत्याच इंडेक्सचा नीट उपयोग करू शकत नाही. अशा ठिकाणी भरलेल्या रकान्यांपुरतीच अट जुळवून केलेली डायनॅमिक क्वेरी स्पष्टपणे सरस ठरते. 12 व्या आवृत्तीपासून प्लॅन कसा निवडावा हे ‘प्लॅन कॅश मोड’ या सेटिंगने सांगता येते, तोही एक मार्ग आहे.

फंक्शन मालकाच्या अधिकाराने चालणारे, म्हणजे ‘सिक्युरिटी डिफायनर’ असेल, तर डायनॅमिक क्वेरीची जोखीम कैक पटींनी वाढते. अशा फंक्शनला सर्च पाथ (नावे कोणत्या स्कीमांत शोधायची त्याची यादी) स्वतःच्या व्याख्येतच ठरवून द्यावा, म्हणजे हाकणाऱ्याने आपल्या स्कीमात त्याच नावाचे टेबल ठेवून फसवणूक करणे शक्य होत नाही.

माझी मुख्य तक्रार एकच आहे आणि ती दोन्ही साधनांना लागू होते. फंक्शन तयार करताना भाषा फक्त व्याकरण तपासते. कर्सरच्या क्वेरीत नसलेले टेबल लिहिले, कॉलमच्या नावात अक्षर चुकले, तरी फंक्शन विनातक्रार तयार होते आणि ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत चूक दडून राहते. वर्षअखेरीलाच चालणारी एखादी फांदी असेल तर चूक वर्षअखेरीलाच कळते. पावेल स्टेहुले यांचे ‘पीएलपीजीएसक्यूएल चेक’ हे एक्स्टेन्शन ही उणीव बरीच भरून काढते. ते साध्या क्वेरींमधली चुकीची नावे आणि प्रकार दाखवते, आणि मजकूर सांधून केलेल्या एक्झिक्युटमध्ये इंजेक्शनची शक्यता दिसली तर इशाराही देऊ शकते. पण ते वेगळे बसवावे लागते, आणि पुष्कळ जणांना ते आहे हेच माहीत नसते. डायनॅमिक मजकुराची संपूर्ण तपासणी तर कोणतेच साधन करू शकत नाही, म्हणून मी मजकूर थेट एक्झिक्युटला न देता आधी एका चलात घेतो आणि ‘रेझ नोटीस’ने छापतो. पहिल्या फेरीत एक्झिक्युटची ओळ बंद ठेवून छापलेली वाक्ये डोळ्यांखालून घालतो, त्यातले एक हाताने चालवून पाहतो, आणि मगच ती ओळ सुरू करतो. फंक्शनच्या पोटातले प्लॅन पाहायचे असतील तर ‘ऑटो एक्सप्लेन’मध्ये आतली वाक्ये नोंदवण्याची सेटिंग चालू करावी लागते, कारण बाहेरून एक्सप्लेन लावले तर फक्त फंक्शन हाकल्याची एक ओळ दिसते.

ओरॅकलकडून येणाऱ्यांना ही भाषा ओळखीची वाटेल, पण ‘बल्क कलेक्ट’ आणि ‘फॉरऑल’ इथे नाहीत. निकाल ॲरेमध्ये घेऊन ‘अननेस्ट’ने एकाच वाक्यात लावणे हा त्यांचा जवळचा पर्याय आहे. ‘एक्झिक्युट इमिजिएट’मधला इमिजिएट गाळायचा, आणि तयार करून ठेवलेले वाक्य चालवणारे एसक्यूएलचे एक्झिक्युट वेगळे आहे हे ध्यानात ठेवायचे.

शेकडो टेबलांवर व्हॅक्यूम (टाकून दिलेल्या ओळींची जागा मोकळी करणारी आज्ञा) चालवण्यासाठी मात्र ही भाषा कामाची नाही, कारण ती आज्ञा फंक्शनच्या किंवा ट्रॅन्झॅक्शनच्या आत चालतच नाही. तिथे मी पीएसक्यूएल या टर्मिनलवरच्या साधनाकडे जातो. फॉरमॅटने आज्ञांचे मजकूर तयार करणारी एक सिलेक्ट क्वेरी लिहायची आणि शेवटी अर्धविरामाऐवजी उलटी तिरकी रेघ देऊन ‘जीएक्झेक’ लिहायचे, की निकालातला प्रत्येक मजकूर स्वतंत्र आज्ञा म्हणून एकापाठोपाठ एक चालतो. 2016 सालच्या 9.6 पासून ही सोय आहे. लूप नाही, कर्सर नाही, आणि शेवटचा शब्द लिहिण्याआधी अर्धविराम देऊन तीच क्वेरी चालवली तर काय चालणार आहे ते आधी पूर्ण वाचताही येते. माझ्या देखभालीच्या जवळजवळ निम्म्या डू-ब्लॉकांची जागा आता या एका शब्दाने घेतली आहे.